वरची खोली

व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, या निश्चयाने आम्ही बर्मिंगहॅममध्ये अकरा वर्षे भाड्याच्या घरात काढली. शेवटी साठवलेले पैसे आणि दिरांनी कुवेतहून दिलेली कर्जे हसना यांच्या जोरावर २०१३ साली घर घेतले. शंभर वर्षांपूर्वीचे, लाल विटांचे, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांच्या वर, कौलांच्या खाली, आणखी एक. ती तिसरी खोली पाहूनच माझे मन बसले. मोठ्या मुलाला स्वतःची खोली मिळणार होती.

जाहिरातीत मात्र तिला ‘बेडरूम’ म्हटले नव्हते, नुसते ‘लॉफ्ट रूम’ लिहिले होते. त्या दोन शब्दांतला फरक वकिलाच्या पत्रातून कळला. माळ्याची खोली करताना इंग्लंडमध्ये पुष्कळदा नियोजन खात्याची परवानगी लागत नाही. पण बांधकाम नियमांप्रमाणे कौन्सिलचा किंवा मान्यताप्राप्त निरीक्षक येऊन काम तपासतो आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला मिळतो. आपल्याकडचे भोगवटा प्रमाणपत्र समजा. आमच्या वरच्या खोलीला असा दाखलाच नव्हता. विकणाऱ्याचे म्हणणे, हे काम त्याच्याही आधीच्या मालकाने केलेले, त्याला काही माहीत नाही.

त्यावर तोडगाही लगेच आला. विकणारा आपल्या खर्चाने एक विमा काढून देणार. पुढे कौन्सिलने कारवाई केली तर नुकसान विमा कंपनी भरणार. अट एकच : कौन्सिलला या कामाबद्दल काहीही विचारायचे किंवा कळवायचे नाही. कळवले की पॉलिसी गेली.

आमच्या ह्यांनी मला विचारले, “काय करायचं?” मी म्हटले, “घेऊया. गावाला अब्बांनी पडवी बंद करून खोली केली, तेव्हा कुणाचा दाखला घेतला होता?” आम्हाला वाटले, एक कागद कमी आहे, त्याच्या बदल्यात दुसरा कागद मिळाला. तो विमा खोलीच्या किमतीचा होता, त्या खोलीत झोपणाऱ्याच्या जिवाचा नव्हता, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

चार वर्षे मुलगा वर झोपला. २०१७ च्या रमजानमध्ये अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, खेडहून आमच्याकडे आल्या होत्या. १४ जूनच्या रात्री सहेरीला उठलो, तर लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटल्याची बातमी सुरू होती. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रिजपासून सुरू झालेली आग पाहता पाहता वरपर्यंत चढली होती. ७२ माणसे त्यात गेली. रोज्यासाठी जाग्या असलेल्या मुसलमानांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावून कित्येकांना उठवले, हे नंतर वाचले. त्या क्षणी मात्र मी हातातला चहा ठेवून मुलाला उठवायला निघाले आणि चालता चालता पहिल्यांदाच त्याची वाट नीट पाहिली.

त्याचा जिना शिडीसारखा उभा. तो उतरायचा मागच्या खोलीत. तिथून मुख्य जिना, आणि तो जिना थेट बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी. मध्ये धूर अडवणारे एकही दार नाही. वर धुराची घंटा नाही. खाली आग लागली असती, तर माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला तिच्यातूनच बाहेर यावे लागले असते.

अम्मांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, “वर पोरगा निजतो, त्याच्या खाली काय आहे ते कुणी बघितलंय?” कुणीच बघितले नव्हते. मग आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले. त्याने कोपऱ्यातली फळी उचलून दाखवली. खाली होते ते जुन्या छताचे बारीक वासे, प्लॅस्टर धरून ठेवण्यापुरते. माणसे, पलंग, पुस्तकांचे कपाट पेलण्यासाठी नव्हतेच. शिवाय खोली मोकळी दिसावी म्हणून छपराचा भार घेणाऱ्या तुळईचे टेकू कुणीतरी कापून टाकले होते. वरून सगळे गुळगुळीत, पांढरा रंग दिलेले.

आता प्रश्न पुढे काय करायचा हा होता. कौन्सिलला कळवले तर पॉलिसी रद्द आणि खर्च आपल्या डोक्यावर. ओळखीच्या एकाने सल्ला दिला, “तुम्ही जसं घेतलंत तसंच विकून टाका. पॉलिसी पुढच्या मालकालाही चालते.” खोटे सांगू नये, मला क्षणभर तेच पटले.

अम्मांनी त्या रात्री धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारात एका ढिगात हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते. ओले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे ते विक्रेत्याला विचारतात. गोष्ट आम्ही सगळ्यांनीच ऐकलेली. अम्मा एवढेच म्हणाल्या, “तुमच्या घरात ओलं धान्य वर माळ्यावर आहे.” ह्यांनी दुसऱ्या दिवशी कौन्सिलला फोन केला.

आधी होऊन गेलेले काम नंतर तपासून दाखला देण्याची सोय तिथे आहे. ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामांना ती मिळते. निरीक्षक आला, त्याने जमीन आणि भिंती उघडायला लावल्या. मला वाटले होते तो दम भरेल. पण त्याने फक्त काय करायचे त्याची यादी दिली. लोखंडी तुळया, नवे वासे, नवा जिना, आग अर्धा तास थोपवणारी दारे, तिन्ही मजल्यांवर एकमेकींना जोडलेल्या धुराच्या घंटा. अम्मांच्या आणि आमच्या उमऱ्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मुलगा पाच महिने बैठकीत झोपला. दाखला आला तेव्हा अम्मा गावी परतल्या होत्या.

विकणाऱ्याकडून भरपाई मागावी का, हे वकिलाला विचारले. तो म्हणाला, तुम्हाला खरेदीआधी माहीत होते. खरेच होते. दोष एका माणसाचा नव्हता. ज्याने टेकू कापले तो, ज्याने विचारले नाही तो, आणि ‘घेऊया’ म्हणणारी मी.

आपल्या कोकणातली कितीतरी मुले आज परदेशात घरे घेत आहेत. त्यांच्या आईवडिलांना माझे सांगणे आहे : घराला किती खोल्या आहेत हे विचारता, तसे कुठली खोली नंतर काढली आणि तिचा दाखला कुठे आहे, हेही विचारा. दाखल्याऐवजी विमा पुढे आला तर आधी स्वतःचा इंजिनिअर नेऊन खोली तपासा. खर्च निघालाच तर तो किमतीतून कमी करून मागा. सही होण्याआधी ते जमते, नंतर नाही. इंग्लंडमध्ये तर असे काम काढून टाकायला लावण्याची मुदत पूर्वी एक वर्षाची होती, ती २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने दहा वर्षांची केली आहे. आणि स्वतः विकणारे असाल, तर माहितीच्या फॉर्ममध्ये जे माहीत आहे ते सगळे लिहा.

उमरा अजून राहिला आहे. अम्मा फोनवर विचारतात, “पैसे जमले का?” आणि मग न चुकता, “पोरगा वर नीट निजतो ना?” अल्लाह त्यांना ती वारी घडवो. आमीन.