आमच्या दारातल्या फियाटचे इंजिन

मोटारीच्या इंजिनाशी आमचा संबंध आजवर पेट्रोल भरण्यापुरताच होता. शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची, आणि संध्याकाळी उरलेला वेळ मंडळाच्या कामाला. असे असूनही गेल्या हिवाळ्यात अंबरनाथच्या आमच्या घरापुढे आम्ही एक अख्खे इंजिन उतरवले, उघडले आणि पुन्हा जोडले. 'आम्ही' म्हणजे आम्ही, आमची लेक आणि आमचे वडील. कोणी काय केले ते पुढे येईलच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९१ सालची. कागदावर पद्मिनी, पण बोलताना फियाटच, कारण इटलीच्या फियाट ११०० चीच ती इथे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली बहीण. वडिलांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी १९७४ पासून २००८ पर्यंत मुंबईत टॅक्सी चालवली, तीही दुसऱ्याच्या मालकीची. मालकाचे रोजचे भाडे देऊन उरेल ते घरी यायचे. १९९९ साली त्यांनी ही खासगी गाडी जुन्यात घेतली. आयुष्यात स्वतःच्या नावावर घेतलेली पहिली वस्तू.

मुंबईच्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. दादांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली, बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या गाडीवरचे कव्हर काढून तास-दीड तास ती पुसत बसले. गाडी तेव्हा निळा धूर ओकत होती आणि ऑइल पीत होती. चढावर तर माणसाने उतरून चालावे अशी स्थिती.

आता एक गोष्ट कबूल करतो. आमची लेक आयटीआयमध्ये आहे. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड तिने हट्टाने घेतला. आम्ही मात्र नातेवाइकांत 'डिप्लोमा करते' असे मोघम सांगत असू. मंडळाच्या व्यासपीठावर श्रमाच्या प्रतिष्ठेवर आम्ही अर्धा तास बोलू शकतो. लग्नाकार्यात पाहुण्यांनी विचारले की जीभ अडखळे. दोष सगळा आमचाही नव्हे. सहावीत असताना टॅक्सी स्टँडवर आम्ही सहज पाना उचलला, तर दादांनी तो हिसकावून घेतला आणि दप्तर हातात दिले. माझ्या पोराच्या नखात ग्रीस जाणार नाही, ही त्यांची प्रतिज्ञा. ती त्यांनी पाळली आणि आम्ही साहेबांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचलो.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गाडी भंगारात देण्याची भाषा सुरू केली. लेक म्हणाली, "पप्पा, आधी तपासू तर द्या." तिने चारही प्लग काढले आणि कुठूनसा आणलेला कॉम्प्रेशन गेज एकेका भोकाला लावला. पहिल्या सिलिंडरला ११५ पौंड, तिसऱ्याला ७०. मग तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर आकडा शंभरावर गेला. याचा अर्थ तिने आम्हाला समजावला. ऑइलने फट बुजली आणि दाब वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. दोष व्हॉल्व्हचा असता तर ऑइल टाकून फरक पडला नसता. आम्ही कारकून माणूस, एवढ्या सरळ पुराव्यापुढे सही करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत पाइपांची तिपाई आणि भाड्याची चेन पुली लावून इंजिन वर उचलले. पुढचे सगळे रविवार त्यात गेले. आमचे काम आवक-जावक. प्रत्येक नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीचा नंबर वहीत. या एका कामात आमची पदवी उपयोगी पडली असे लेकीचे मत. तरी घोटाळा आम्हीच केला. कनेक्टिंग रॉडच्या चारही कॅप्स डिझेलमध्ये एकदम टाकून चकचकीत धुतल्या आणि कोणती कोणत्या रॉडची हे विसरून बसलो. रॉड आणि कॅप जोडीने कातलेले असतात, अदलाबदल चालत नाही. पोरगी रडकुंडीला आली. दादा ओट्यावरून म्हणाले, "बाजूला ठिपके बघ." २००१ साली हेच इंजिन एका मिस्त्रीकडे उघडले होते, तेव्हा दादांनी उभे राहून पंचाने ठिपके मारून घेतले होते. पहिल्या जोडीवर एक, दुसऱ्यावर दोन, असे चारपर्यंत. काजळी गेल्यामुळे ते स्वच्छ दिसत होते.

सिलिंडर बोअर करणे आणि क्रँक ग्राइंड करणे घरी होत नाही, ते लेथवाल्याचे काम. आमचा घाईचा स्वभाव, ब्लॉक आधी टाकून येऊ म्हटले. लेकीने अडवले. ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात हवेत, मग त्यांच्या मापाने बोअर. पिस्टनसाठी ऑपेरा हाउसची स्पेअरची दुकाने आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड पायाखाली घातला. एका दुकानदाराने तिच्याकडे न बघता सगळी उत्तरे आम्हाला दिली. प्रश्न ती विचारत होती. तिसऱ्या उत्तराला आम्हीच म्हणालो, "मिस्त्री त्या आहेत, त्यांना सांगा."

नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची असते. बोअरच्या दर इंचाला साधारण चार हजारांश इंच असा हिशोब. या गाडीचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, म्हणजे फट पाव मिलिमीटरहून जराशी जास्त. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासले, ते काम आमच्या आयुष्मतींनीही केले. जात्यावर बसल्यासारखे वाटते म्हणाल्या. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, म्हणून जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. खर्च एकूण ३८ हजार. गॅरेजवाल्याने सांगितले होते त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक.

फेब्रुवारीच्या एका रविवारी चावी फिरवली. इंजिन सुरू होईना. उलट कार्बोरेटरमधून फटाके. शेजारी जमले, आणि त्यांतला एक हसला. लेकीने मार्क पुन्हा पाहिला, तो बरोबर होता. दादा काठी टेकत आले आणि म्हणाले, "मार्क दोनदा येतो." क्रँकच्या दोन फेऱ्यांत पहिला पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या वेळेवर बसला होता, म्हणजे अर्धी फेरी उलटा.

मग दादा आम्हाला म्हणाले, "तू ये. पहिल्याच्या भोकावर अंगठा ठेव."

आम्ही ठेवला. लेक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवू लागली. काही नाही, काही नाही, आणि मग आतून हवेने अंगठा असा ढकलला की आम्ही दचकलो. "आता," आम्ही ओरडलो. "थांब," दादा म्हणाले, "मार्कावर आण." तिने आणला, डिस्ट्रिब्यूटर काढून फिरवून बसवला. वायरी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पुन्हा तपासल्या.

दुसऱ्या चावीला गाडी बोलली. दादांना हल्ली ऐकू कमी येते. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावले, मूठ कानाला, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग आमचा हात धरून अंगठा उलटासुलटा पाहिला. नखात काळे गेले होते. "साबणाने नाही जात," ते म्हणाले, "खोबरेल लाव आधी."

मार्चमध्ये नात्यातले एक मामा आले. गाडी पाहून विचारले, कोणाकडून केली? लेकीने, आम्ही म्हणालो. "डिप्लोमा करते ना ती?" आम्ही म्हणालो, "नाही, आयटीआय. मेकॅनिकचा ट्रेड." आयुष्मतींनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि चहा ओतत राहिल्या.

नव्या इंजिनाचे ऑइल पहिल्या पाचशे किलोमीटरला बदलायचे, अशी लेकीची ताकीद आहे. हे लिहीत असताना वहीत ४१२ ची नोंद आहे.