ऑफिस सुटल्यानंतरचं ऑफिस

हिंजवडीत, खराडीत किंवा ऐरोलीत शुक्रवारी संध्याकाळी कुणी ‘आज बसायचं का?’ म्हणालं, की कुठे आणि कशासाठी हे विचारावं लागत नाही. टीम लीड असतो, दोन-तीन जुने सहकारी असतात, नुकताच कॅम्पसमधून आलेला एखादा मुलगा असतो. पहिल्या पेगपर्यंत क्रिकेट चालतं, नंतर कंपनी सुरू होते. नव्या प्रोजेक्टवर कुणाला घ्यायचं, ऑनसाइट कोण जाणार, क्लायंट कुणावर खूश आहे, कोणता मॅनेजर राजीनामा देणार, हे सगळं चखण्याच्या प्लेटीभोवती बोललं जातं. सोमवारच्या मेलमध्ये त्यातलं काही येत नाही. जो तिथे नव्हता त्याच्या कानावर ते पडेपर्यंत बहुतेकदा ठरून गेलेलं असतं.

या टेबलावर बसू शकणारे मुळात किती? २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांत ते जास्त असेल, तरी न पिणारे तिथेही भरपूर आहेत. त्यात वयाचा प्रश्न. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि व्हिस्की-रमसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, शिवाय परवाना लागतो. इंजिनीअर होऊन नोकरीला लागणारी पोरं एकवीस-बावीसची. मॅनेजरने आपुलकीने पुढे केलेला व्हिस्कीचा ग्लास त्यांना कायद्याने घेताच येत नाही. कुणी माळकरी घरातलं असतं, कुणाचा धर्म आड येतो, कुणी दारूपायी घर मोडताना लहानपणी पाहिलेलं असतं. ‘मी घेत नाही’ एवढं सांगून ही मुलं गप्प होतात. त्यापुढचं कारण त्यांना कुणी विचारूही नये.

पिणाऱ्यांना खरंच जास्त पैसे मिळतात का, हा प्रश्न बेथनी पीटर्स आणि एडवर्ड स्ट्रिंगहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ साली तपासला. अमेरिकेतल्या पाहणीच्या आकड्यांवरून त्यांना दिसलं, की पिणाऱ्या पुरुषांची कमाई न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी आणि स्त्रियांची १४ टक्क्यांनी जास्त आहे. महिन्यातून एकदा तरी बारमध्ये जाणारे पुरुष आणखी ७ टक्के पुढे होते. ओळखीपाळखी वाढतात म्हणून असं होत असावं, हा त्यांचा तर्क. पण आजारपणामुळे दारू सोडलेलेही न पिणाऱ्यांतच मोजले जातात आणि मुळात खिशात पैसे असणाराच बारमध्ये जातो. या आकड्यांवरून कुणी ग्लास हातात घेऊ नये.

झोई कलन आणि रिकार्डो पेरेझ-त्रुलिया यांचा ‘ओल्ड बॉइज क्लब’ हा शोधनिबंध जास्त बोलका आहे. तो २०२३ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. आशियातल्या एका मोठ्या बँकेत मॅनेजर सतत बदलत असत, त्यामुळे तोच कर्मचारी वेगवेगळ्या वरिष्ठांच्या हाताखाली कसा पुढे जातो हे त्यांना पाहता आलं. पुरुष मॅनेजर मिळाला, की पुरुष कर्मचारी स्त्रियांपेक्षा लवकर वर चढत. काम मात्र वाढलेलं नसे. जास्त तास नाहीत, जास्त विक्री नाही. साहेब आणि कर्मचारी एकमेकांच्या जवळ बसत असतील तरच हा फरक दिसे. मग त्यांनी सिगारेटकडे पाहिलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला तसाच साहेब लाभला, की दोघांच्या कामातल्या मधल्या सुट्ट्या एकत्र जात आणि बढतीही लवकर येई. त्या बँकेत बढतीतली स्त्री-पुरुष दरी एक तृतीयांशाहून जास्त या ऊठबशीतून आलेली होती.

हे वाचल्यावर दारूकडे बघण्याची नजर बदलते. नुसती दारू काढून टाकली, तर जागा चहाची टपरी घेईल, नाहीतर रविवारचं क्रिकेट. साहेबाचा वेळ कुणाच्या वाट्याला येतो, हे खरं दुखणं आहे.

जपान आणि दक्षिण कोरियाने ते फार सोसलं. जपानी कंपन्यांत ‘नोमिकाई’ ही कामानंतरची सामूहिक बैठक नोकरीचाच भाग मानली गेली. साहेबाच्या आधी उठणं बरं दिसत नसे. पिण्याची सक्ती करणं म्हणजे छळ, असं तिथे आता उघड बोललं जातं. निप्पॉन लाइफ या विमा कंपनीच्या २०२१ च्या पाहणीत सुमारे ६२ टक्के लोकांनी पीत पीत सहकाऱ्यांशी संवाद साधण्याची गरज नाही असं सांगितलं. कोरियातल्या ‘होएशिक’ या अशाच बैठकीबद्दल सेऊलच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्येच निकाल दिला होता: हाताखालच्या महिलेला प्यायला भाग पाडणाऱ्या मॅनेजरने ३ कोटी वॉन भरपाई द्यावी. २०१९ मध्ये तिथे कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा लागू झाला. आता काही कंपन्या ही बैठक दुपारच्या जेवणावर आणतात.

आपल्याकडे २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण धरली आहे. कंपनीने नेलेलं लोणावळ्याचं रिसॉर्ट त्यात येतं, गोव्याची ऑफसाइटही येते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं, तर तिची संमती घ्यावी लागते आणि प्रवासाची सोय करावी लागते. पण पार्टी अकराला संपते, तेव्हा बहुतेक मुली स्वतःची कॅब स्वतः शोधतात. म्हणून त्या साडेआठलाच निघतात, आणि प्रोजेक्टची खरी चर्चा नंतर रंगते.

कुणी शुक्रवारी मित्रांसोबत बसावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. प्रोजेक्टमधल्या मोकळ्या जागा आणि ऑनसाइटच्या संधी मात्र सगळ्या टीमला एकाच दिवशी लेखी कळायला हव्यात, निवड कशावरून होणार त्यासह. आणि मॅनेजरने दुपारचा डबा पाळीपाळीने प्रत्येकासोबत खावा. सुरुवात परवा साडेआठला निघून गेलेल्या मुलीपासून करता येईल.