गुरुवारचं लग्न बुधवारी

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ शिकवताना वर्गात हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सटवीनं कपाळी लिहिलं तेच झालं. दुसरा म्हणतो, पोरं उतावळी, दुसरं काय!

पहिल्या पक्षाच्या हाताशी नाटकाचं प्रास्ताविक असतं. या दोघांचे ग्रह वाकडे आहेत, हे तिथेच सांगून टाकलेलं आहे. पण शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३चा एकत्रित संग्रह, म्हणजे फोलिओ, उघडून पाहा. त्यात हे प्रास्ताविक छापलेलंच नाही, आणि त्यावाचून शोकांतिकेचं काही अडत नाही.

दुसऱ्या पक्षाचा पूर्वज आर्थर ब्रुक. शेक्सपिअरनं मुख्यतः त्याच्या १५६२च्या दीर्घकाव्यावरून ही गोष्ट घेतली. ब्रुक प्रस्तावनेतच आईबापांचा सल्ला न मानणाऱ्या प्रेमिकांना फैलावर घेतो. शेक्सपिअरनं गोष्ट उचलली, दटावणी तिथेच ठेवली. ब्रुककडे महिनोन्महिने चालणारं प्रकरण त्यानं चार-पाच दिवसांत आवळलं आणि ज्युलिएटचं वय सोळावरून तेरावर आणलं.

या आवळलेल्या वेळापत्रकातच मला उत्तर दिसतं. म्हणून दोन्ही पक्षांना मी चौथ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचायला लावते. रोमिओशी गुपचूप लग्न केलेल्या ज्युलिएटचं पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न गुरुवारी ठरलंय. मंगळवारी भिक्षू फ्रायर लॉरेन्स तिला औषध देतो: उद्या, बुधवारी रात्री घे, बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील, तोवर हद्दपार झालेल्या रोमिओला मँटुआत निरोप पोचेल. (हे बेचाळीस तास नाटकात काटेकोर बसत नाहीत. शेक्सपिअर घड्याळाच्या बाबतीत ढिलाच.) ती घरी येते, बापापुढे गुडघे टेकते, माफी मागते, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही म्हणते. कॅप्युलेट इतका खूश होतो, की लग्न उद्याच उरकू म्हणतो. बायको सांगते, तयारी व्हायची आहे, गुरुवारी पुरे. तो ऐकत नाही. मुलीला त्याच रात्री औषध घ्यावं लागतं. सबंध एक दिवस हातचा जातो.

ब्रुकचा दोषारोप इथे पार उलटा होतो. पोरगी भांडली तेव्हा तारीख गुरुवारच राहिली होती. खोटं का होईना, तिनं ऐकलं आणि घात झाला. बाप दुष्टपणे वागत नाही. आनंदाच्या भरात, पूर्ण आपल्या मर्जीनं, बायकोचा शब्द डावलून ठरवतो.

नियतीच्या पक्षाला एक गोष्ट मात्र मी देऊन टाकते: रोगाची साथ. लॉरेन्सचं पत्र रोमिओकडे नेणारा फ्रायर जॉन सोबतीला दुसरा भिक्षू शोधायला जातो. हा दुसरा भिक्षू रोग्यांना भेटत असतो. संसर्गाच्या संशयावरून शहराचे तपासनीस घराची दारं बंद करतात आणि पत्र व्हेरोनाबाहेर जातच नाही. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बहुतेक बंदच होती. तिथल्या प्रेक्षकाला यात योगायोग कमी आणि रोजचा अनुभव जास्त दिसला असेल. आता पुढचं बघा. पत्र परत आलेलं कळताच लॉरेन्स म्हणतो, मी मँटुआला पुन्हा लिहितो. दुसरं पत्र पाठवायची त्याची तयारी होती, सवड नव्हती. तोवर रोमिओचा नोकर ज्युलिएटच्या मरणाची बातमी घेऊन त्याच्याकडे पोचलेला असतो. औषध ठरल्याप्रमाणे बुधवारी रात्री घेतलं असतं, तर ही बातमीही दिवसभर उशिरा निघाली असती.

रोमिओला मी निर्दोष सोडत नाही. ज्युलिएटच्या मामेभावाला, टिबॉल्टला, मारून तो दैवाला बोल लावतो, पण तलवार त्याच्याच हातात होती. तरी माझ्या लेखी मोठा वाटा त्या बदललेल्या तारखेचा. शेवटी दोन्ही बाप हात मिळवतात, सोन्याच्या पुतळ्यांची भाषा करतात. बुधवारबद्दल कॅप्युलेटला कुणी विचारत नाही.

तारीख बदलणारा हा प्रवेश पन्नास ओळींचाही नाही, त्यामुळे कापायला सोपा. पुढच्या वेळी या नाटकाचा प्रयोग किंवा चित्रपट पाहाल, तेव्हा लग्नाची तारीख बदललेली दाखवली आहे की नाही, तेवढं जरूर बघा.