तीस काचा आणि एक छोटा हत्ती

‘तू काय विकत घेतलंस?’

शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण दुसऱ्यांदा विचारत होती. पहिल्यांदा तिला फक्त ‘हाऊस’ एवढंच ऐकू आलं होतं, त्यामुळे तिनं माझं अभिनंदन करून पार्टीसुद्धा मागून टाकली होती. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तिशीच्या मुलीनं ‘हाऊस घेतलं’ म्हटलं, की लोकांना फ्लॅट आणि ईएमआय सोडून दुसरं काही सुचतच नाही!

‘ग्रीनहाऊस गं. काचेचं. सेकंड हँड.’

‘पुण्यात? मे महिन्यात झाडांचे पापड भाजायचेत का तुला?’

तिचं काही चुकलं नव्हतं. काचघर ही थंड देशातल्या लोकांची हौस. ऊन आत घ्यायचं आणि ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. आपल्याकडे उन्हाची कमतरता कधी होती? पण माझं गणित वेगळं होतं. त्या गणितात बाबा होते.

बाबा म्हणजे पिंपरीच्या एका कारखान्यातले टूलरूम फिटर. मायक्रोमीटरच्या भाषेत बोलणारा माणूस. रिटायर झाल्यावर आई-बाबा तळेगावला राहायला गेले. मागच्या अंगणात बाबांनी ऑर्किड लावली. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातून आणलेली डेंड्रोबियम, एकेका कुंडीला नंबर. पण मावळातला पाऊस म्हणजे काय ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. सतत भिजून मुळं सडली. दोन पावसाळ्यांत निम्म्या कुंड्या रिकाम्या झाल्या.

त्याच सुमारास बाबांच्या हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. दुखणं वाढलं त्याहून जास्त वेगानं बाबांनी हात आखडते घेतले. आधी स्क्रू ड्रायव्हर सुटला, मग कुंड्या. शेवटी चहाचा कप. कपबशी वाजते म्हणून ते चहा स्टीलच्या पेल्यातून घ्यायला लागले, तोसुद्धा आम्ही समोर नसताना. मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी ते खुर्चीत बसून टीव्ही बघत असायचे.

आणि एके दिवशी कळलं, की प्रभात रोडच्या एका गल्लीत एक बंगला रीडेव्हलपमेंटला जातोय आणि मागच्या अंगणात एक काचघर आहे. अॅल्युमिनियमच्या फ्रेमचं, सहा फूट बाय दहा फूट. बंगल्याचे मालक काका ऐंशीच्या घरातले. ‘आमच्या हिच्या ऑर्किडसाठी वीसेक वर्षांपूर्वी फॅब्रिकेटरकडून करून घेतलं होतं,’ ते म्हणाले. काकू आता नव्हत्या. ऑर्किडही नव्हती. आत जुन्या पेपरांचे गठ्ठे होते.

किंमत वीस हजार ठरली. (गोव्याची ट्रिप कॅन्सल!) वर काकांची एक अट. ‘भंगारवाल्याला फ्रेमचे याहून जास्त मिळतील, मला माहितीये. पण तुम्ही ते उभं करणार असाल तरच न्या.’

आता थोडं टेक्निकल. पण उद्या तुम्हीही असलं काही घ्यायला गेलात तर उपयोगी पडेल. सगळ्यात आधी बघायचं ते काच साधी आहे की टफन केलेली. टफन काच ओळखायची सोपी खूण म्हणजे कोपऱ्यात कोरलेला बारीक शिक्का. सेफ्टी ग्लाससाठी आपल्याकडे आयएस २५५३ हे मानक आहे. दुसरी युक्ती गॉगलची. पोलराइज्ड गॉगल लावून सकाळच्या तिरप्या उजेडात बघितलं, तर टफन काचेत फिकट डाग, पट्टे दिसतात. मी दोन्ही करून बघितलं. काका म्हणाले, ‘काच बघायला गॉगल लावणारी तुम्ही पहिलीच!’

ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून, आणि तो ताण काचेत कायमचा कोंडला जातो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट होते. पण तिचं मर्मस्थान म्हणजे कडा. मध्यावर बुक्की मारलीत तरी हसेल, पण कड दगडावर टेकवलीत तर एका क्षणात तिचा चुरा! आणि ती नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणजे सव्वीस चौकोनी आणि चार त्रिकोणी, अशा तीस काचांपैकी एक जरी गेली, तरी नवीन मापानं करून घेणं आलं.

मी खुशीत तळेगावला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘काच? माझ्या या हातांपुढं तू काच आणून ठेवणार?’ आणि फोन आईकडे दिला.

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटत होतं मी त्यांच्या ऑर्किडवर छप्पर घालतेय. त्यांना वाटलं, मी त्यांच्या दुखण्यावर बोट ठेवतेय. आईनं तर सरळ विचारलं, ‘अगं, इथं मावळात सगळे प्लास्टिकचं पॉलीहाऊस घालतात. गुलाबवाले काय वेडे आहेत?’ वेडे नाहीतच. पण प्लास्टिकचा कागद तीन-चार वर्षांत बदलावा लागतो, काच टिकते. हे तिला पटलं की नाही कोण जाणे. पैसे देऊन झाले होते एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाबांचाच फोन. ‘नंबर टाकल्याशिवाय एकही नट सोडू नकोस.’

बस्स! टूलरूम जागी झाली होती. पुढचे आठ दिवस रोज सूचना. आधी चारी बाजूंनी फोटो. मग प्रत्येक काचेवर मार्करनं खूण. पू-१, पू-२, छपराच्या छ-१ ते छ-१०. काढायच्या वेळी छप्पर आधी, भिंती नंतर, फ्रेम शेवटी. जुनं रबर बीडिंग फेकून द्यायचं, ते कडक झालेलं असतं. बाबांनी वजनसुद्धा काढून दिलं. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. आमची काच पाच मिलिमीटरची, दोन फूट बाय चार फुटांची. म्हणजे एक काच नऊ किलोच्या पुढं आणि सगळा माल अडीचशे किलोच्या वर.

‘मग छोटा हत्ती पुरे,’ बाबा म्हणाले. ‘काचा आडव्या टाकायच्या नाहीत. उभ्या. खाली लाकडी पट्टी, मध्ये पुठ्ठा, बाजूनं गाद्या.’

तर अशी आमची वरात निघाली. मी, माझा धाकटा भाऊ, घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आणि टेम्पोवाले काका. शिवाजीनगर, खडकी, पिंपरी, निगडी, देहूरोड. पुण्याचे स्पीडब्रेकर मोजायची कधी संधी मिळाली नव्हती, ती त्या दिवशी मिळाली. टेम्पोवाले काका ताशी तीसच्या वर जायला तयार नव्हते. ‘ताई, गणपती नेतोय असं समजा,’ ते म्हणाले. सोमाटणे फाटा आला तेव्हा माझ्या मुठी उघडत नव्हत्या.

रस्त्यात भावाला मी गूगलवर वाचलेलं ज्ञान देत होते. लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला जोसेफ पॅक्स्टननं, मूळचा माळी. १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभा केला, जवळपास तीन लाख काचा. प्रदर्शन संपल्यावर अख्खा उतरवला आणि सिडनहॅमला नेऊन १८५४ मध्ये पुन्हा उघडला. १९३६ च्या आगीपर्यंत तो तिथंच होता. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं सेकंड हँड काचघरच की! भाऊ म्हणाला, ‘त्यांना तीन लाख काचा नेता आल्या ना, मग तू तीस काचांसाठी माझा दंड सोड.’

तळेगावात बाबा फाटकात उभे होते. एकही काच फुटली नव्हती. त्यांनी काचांकडे पाहिलं, हात मात्र मागे बांधलेले. ‘तळेगावात काच म्हणजे माहेरी आली,’ एवढंच म्हणाले. खरंच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला तो याच गावात.

पुढच्या रविवारी उभारणी. दोन फुटांचा विटांचा पाया गवंड्यानं आधीच बांधून ठेवला होता. फ्रेम चढली. बाबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. ‘लेव्हल बघ. नट आत्ताच आवळू नकोस. काचेला हातमोजे, डोळ्यांना गॉगल.’ उत्तरेच्या तीन काचा बसल्या, पूर्वेच्या पाच बसल्या. मी पाणी प्यायला आत गेले आणि परत आले, तर बाबा खुर्चीत नव्हते.

ते एकटे प-३ उचलून येत होते.

मी ओरडलेसुद्धा नाही. ओरडले तर दचकतील म्हणून. पायापर्यंत पोचले. काच खाली टेकवताना हात थरथरला, कड विटेच्या कोपऱ्यावर आपटली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. क्षणापूर्वी काच होती, आता बाबांच्या चपलांभोवती खडीसाखरेचा ढीग होता.

आई दारात थिजली. मी बाबांचे पाय बघितले, हात बघितले. एक ओरखडा नाही. साधी काच असती तर तिचे सुरे झाले असते. टफन काचेचे बोथट दाणे होतात, त्यासाठीच तर ती करतात.

बाबा खाली बघत राहिले. मग म्हणाले, ‘बरं झालं. एकदाची फुटली.’ आणि माझ्याकडे वळून, ‘आता पुढची आण. एका बाजूनं तू धर.’

मी एका बाजूनं धरलं. उरलेल्या सगळ्या काचा आम्ही दोघांनी बसवल्या. त्यांचा हात थरथरत होता, काचेतून तो कंप माझ्या हातापर्यंत येत होता. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

नवीन काचेसाठी काचवाल्याकडे गेले. ‘ताई, आधी कापायची, मग भट्टीत. आठ दिवस लागतील,’ त्यानं सांगितलं. तोवर तिथं पॉलीकार्बोनेटचा तुकडा लावला. डोक्यावरच्या काचांसाठी खरं म्हणजे लॅमिनेटेड बरी, दोन काचांमधला पडदा तुकडे धरून ठेवतो. ते बजेटमध्ये बसेना, म्हणून छपराच्या आत बारीक जाळी ताणून घेतली. वर पन्नास टक्के सावलीची शेडनेट, माथ्याला उघडणाऱ्या खिडक्या, उन्हाळ्यात दुपारी जमिनीवर पाणी. मैत्रिणीला कळवलंय, पापड भाजले गेले नाहीत.

प्रभात रोडच्या काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं, ‘पूर्वेकडची खिडकी घट्ट बसते, साबण लावा.’

पहिला पावसाळा पार पडलाय. चार डेंड्रोबियमना फुटवे आलेत, एकाला कळ्या आहेत. नवी काच बाकीच्यांपेक्षा जरा स्वच्छ दिसते. बाबांनी तिच्या कोपऱ्यात मार्करनं लिहिलंय, ‘प-३ अ’. अक्षर थोडं हललंय.

परवा गेले तर बाबा आतच बसले होते, हातात कपबशी. अर्धाच भरलेला कप, थोडा चहा बशीत सांडलेला. कप वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला.