आरशावरची धूळ

मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा मार्ग जेथे मिळतात, त्या पळस्प्यात रात्रीचा उजेड वाढला. अंधुक तारकागुच्छ दिसेनासे झाले, तेव्हा एका गृहस्थांनी आपली ६ इंची परावर्तक दुर्बीण तिपाई व नेत्रिकांसह ऑनलाइन विक्रीस काढली.

आरसा लख्ख पुसून छायाचित्र काढावे, असे मुलाने सुचविले. त्यांनी त्याला थांबविले. धुळीने प्रतिमा फारशी बिघडत नाही. कोरड्या फडक्याने मात्र ॲल्युमिनियमच्या पातळ लेपावर कायमचे ओरखडे उठतात.

एका नेत्रिकेला दमट हवेने बुरशी आली होती. ती त्यांनी जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत नोंदविली. भाव उतरला. पण पेढीवर गिऱ्हाईक माल हाती घेऊन पारखते. येथे त्याच्यापाशी विक्रेत्याच्या शब्दाखेरीज दुसरा काटा नसतो.