सलग पटल

गुळगुळीत सिलिकॉनच्या ठोकळ्यावर लिपिडचं दुहेरी पटल बसवलं, जाडी जेमतेम 40 अँगस्ट्रॉम, की मला एकच प्रश्न छळतो: ते सलग बसलंय की त्यात भोकं आहेत? लिपिडच्या शेपट्यांच्या थरात पाणी दिसतं खरं. पण ते भोकांतून आलं की पटलाचा पृष्ठभागच वरखाली आहे, हे न्यूट्रॉनच्या एका परावर्तन-वक्रावरून कळत नाही. डिटेक्टर न्यूट्रॉन मोजतो; तरंगाची कला तिथेच हरवते.

हातात हत्यार एकच, पाणी बदलणं. हायड्रोजनची प्रकीर्णन-लांबी उणे 3.74 फेम्टोमीटर, ड्यूटेरियमची अधिक 6.67. म्हणून साध्या पाण्यात एक वक्र घ्यायचा, जड पाण्यात दुसरा. तिसरा 38 टक्के जड पाण्यात. तिथे न्यूट्रॉनला सिलिकॉन आणि पाणी यांत फरक दिसत नाही, उरतो ऑक्साइडचा थर आणि पटल. तिन्ही वक्रांना एकच रचना लागू पडली तर विश्वास ठेवायचा. पाणी बदलताना हात अगदी सावकाश चालवावा लागतो, कारण हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी पटल जागोजागी सोलून निघतं आणि मिळालेला बीमटाइम वाया जातो.

वक्रावरच्या लाटांमधलं अंतर पाहून जाडी सांगणं मला जमतं. त्याचा मला गर्व आहे; विद्यार्थ्यांसमोर मी ते मुद्दाम करतो. यंदा आलेल्या विद्यार्थिनीने संगणकाकडे एक उत्तर न मागता बसणारी सगळी उत्तरं मागितली. जाडी आणि भोकं यांच्या जोड्यांचा लांबट, तिरका पट्टा पडद्यावर आला. माझा आकडा त्यात होता, पण इतर अनेकांपैकी एक म्हणून.

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवाले विचारतात, आता न्यूट्रॉन कशाला? प्रथिनाचा आकार त्यांनी खुशाल काढावा. ओल्या, हलत्या पटलात पाणी नेमकं कुठे आहे, हे गोठवलेल्या नमुन्यातून मला मिळत नाही. चिंता वेगळीच आहे. न्यूट्रॉन देणाऱ्या अणुभट्ट्या बंद होताहेत: तुर्भ्याची सायरस 2010 अखेर थांबली. साक्लेची ऑर्फे आणि बर्लिनची बीईआर-2 2019 मध्ये. लुंडला न्यूट्रॉनचा नवा स्रोत उभा राहतोय, पण बीमपाशी रात्र काढून शिकायच्या जागा कमी झाल्या.

विद्यार्थिनीची पद्धत मी स्वीकारली आहे, ती माझ्या पद्धतीपेक्षा प्रामाणिक आहे. तरी वक्र उमटू लागला की फिटिंगआधी जाडी मोठ्याने सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि ती ऐकायला कुणीतरी शेजारी असावं, असंही वाटतं.