भाच्याची मोहीम

बुद्धिबळात चाल परत घेणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. ‘थांब, थांब, माझं लक्षच नव्हतं’ असे म्हणून मी आजवर किती मेलेली मोहरी पटावर परत आणली असतील, त्याची गणती नाही. तेव्हा भाच्याने मला परीक्षक नेमले, त्याच वेळी मी नको म्हणायला हवे होते.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ नावाच्या संगणकावरच्या युद्धखेळाचा त्याला नाद आहे. डेव्हिड व्हाइट नावाच्या गृहस्थाने 2003 साली तो काढला आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट राबून वाढवला. षट्कोनी घरांचा पट. एक पाळी तुमची, एक शत्रूची. आपल्या मनाने लढायांची मालिकाही त्यात रचता येते. भाच्याने आठ लढायांची मोहीम रचली आणि म्हणाला, “मामा, कुठे जड जातं, कुठे सोपं, एवढंच सांगा.”

एवढंच! बुद्धिबळात दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी मांडली की न्याय झाला. इथे मागच्या लढाईत उरलेले सोने पुढच्या लढाईत येते. सगळे नाही, सहसा शेकडा 40. जगलेवाचलेले कसलेले शिपाईही सोने मोजून पुन्हा बोलावता येतात. म्हणजे दुसऱ्या लढाईतला गाढवपणा पाचव्या लढाईत अंगाशी येतो, आणि जो जिंकत जातो तो अधिकच बलाढ्य होतो. रचणारा किमान सोन्याची तजवीज करतो खरी, पण मेलेला जुना स्वार कुठल्या सोन्याने परत येणार? शिवाय रचणाऱ्याला स्वतःला यातले काहीच कळत नाही. झाडीत कोण दडले आहे, हे त्याला आधीच ठाऊक!

मी आठही लढाया जिंकलो आणि ऐटीत कळवले, “तिसरीपासून फार सोपं आहे. शत्रूला सोनं वाढवून दे.” त्याने ते दिले.

मग त्याच्या धाकट्या बहिणीने खेळायला घेतले. चार रात्री ती चौथ्या लढाईत हरली. पाचव्या रात्री म्हणाली, “दादा, हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे,” आणि उठून गेली. ही मुलगी गणितात आम्हा सगळ्यांना विकून खाईल अशी. तिने स्वतःला मठ्ठ ठरवलेले मला सोसेना. कारण मी कसा जिंकलो, ते मलाच ठाऊक होते. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या साध्या पायदळावरचा वार शंभरांत साठदा लागतो. माझा लाडका स्वार मेला, की मी जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडी. नशीब नव्याने फिरे, स्वार जिवंत!

पण तो खेळ मोठा हिशेबी. किती इजा व्हायला हवी होती आणि किती झाली, याचा तक्ता तो ठेवतो. भाच्याने माझा तक्ता पाहिला. “मामा, तुमच्या शिपायांना अंगारा लावला होता का?”

मी सांगून टाकले. तो रागावला नाही, शत्रूचे सोने पहिल्याइतके केले आणि म्हणाला, “आता मागे न जाता खेळा.”

बसलो. पण तिसऱ्या लढाईत हात आपोआप झाडी टाळून गेला. तिथून लांडग्यांवरचे स्वार निघतात, हे डोक्यातून काढू कसे? रात्री ओर्कांचा वार शेकडा 25 ने जड होतो, म्हणून मी अंधार पडायच्या आत टेकडी गाठली. भाचा मागे उभा राहून पाहत होता. “राहू द्या,” तो हळूच म्हणाला. परीक्षकाजवळ विकण्यासारखे अज्ञानच काय ते असते, आणि माझे मी चाली परत घेण्यात उधळून बसलो होतो.

काल त्याने मामीला खेळायला बसवले आणि मला तोंड उघडायची बंदी केली. दोन लढाया तिने जिंकल्या. तिसरीत तिचे घोडेस्वार झाडीच्या कडेला येऊन थांबले.

“अहो, इथून नेऊ का यांना?”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसायला घेतला.